रक्ताचा दोष की भट्टीचा?

दिवाळीच्या अंकात शिसे, धमन्या आणि रक्तदाब यांची चर्चा कशाला, असे चकलीचा तुकडा मोडता मोडता अंक चाळणाऱ्या वाचकाला वाटले, तर मी त्याला दोष देणार नाही. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी कोणी वाढत नाही. पण माझ्या विषयाचा धागा दिवाळीतूनच निघतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

३१ जुलै २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांच्या दारूत पाच पदार्थ घालण्यास मनाई केली : अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसे. ती मनाई किती पाळली जाते हा वेगळा प्रश्न. आपल्या गल्लीतल्या धुराला विचारावे. मला सांगायचे आहे ते निराळेच. ही मनाई करताना न्यायमूर्तींनी असे विचारले नाही की, 'आधी देशातल्या पोरांची रक्ते तपासा. ज्यांना शिसे विशेष बाधते अशी नाजूक पोरे शोधून काढा. त्यांना दिवाळीत घरात कोंडा आणि बाकीच्यांना खुशाल उडवू द्या.' पेट्रोलचेही तसेच. २००० साली आपण देशभरातल्या पेट्रोलमधून शिसे काढून टाकले. २०२१ साली अल्जीरियाने शेवटचा साठा संपवला आणि रस्त्यावरच्या गाड्यांपुरते हे प्रकरण साऱ्या जगात मिटले. कोणाचे नाक सोसते आणि कोणाचे सोसत नाही, याची पंचाईत कोणी केली नाही. विष होते, ते काढून टाकले. हा सरळ, चारचौघांना पटणारा शहाणपणा आहे.

हाच शहाणपणा कारखान्याच्या फाटकाशी पोचला की उलटा होतो. तेथे प्रश्न विचारला जातो तो विषाला नव्हे, माणसाला. तुझ्या घरात कोणाला रक्तदाब आहे काय? तुझा बाप कशाने गेला? तुझी प्रकृतीच मुळात तसली नाही ना?

मी रात्रशाळेत शिकवतो. स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून मंडळी मला विद्वान समजतात, तो त्यांचा मोठेपणा. माझ्या वर्गात बसणारी मुले दिवसा कोठे ना कोठे राबून आलेली असतात. त्यांच्यातला एक जण वयाने तिशीच्या आतला, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे वितळवणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर होता. कारखान्याचे नाव लिहीत नाही. मधून मधून त्याचे डोके दुखे, हात जड पडत. एक दिवस पाळीवर असतानाच तो खाली बसला. कारखान्याच्या डॉक्टरांनी पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. तो या वयाला असू नये इतका वर चढलेला. मग नेहमीचा प्रश्न आला, "घरात कोणाला आहे का?" मुलगा खरे बोलला. म्हणाला, "वडिलांना होता. अर्धांगाने गेले." झाले! डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला, 'आनुवंशिक', आणि मुकादमाने तो कागद हातात देऊन त्याला घरी बसवले.

तो कागद त्याने मला आणून दाखवला. शब्दाचा अर्थ त्याला हवा होता. मी अर्थ सांगितला आणि सहज विचारले, "वडील काय काम करीत होते रे?"

"तेच की, गुरुजी. त्याच भट्टीवर. सव्वीस वर्षं."

वाचकहो, वडिलोपार्जित म्हणतात ते याला! शेत नाही, घर नाही, दुकानाची गादी नाही; बापाकडून लेकाला मिळाली ती भट्टी. दोघांनी एकाच धुरात श्वास घेतला, आणि कागद म्हणतो की दोष रक्तात आहे. त्या सव्वीस वर्षांत बापाच्या रक्तातले शिसे कोणी मोजले नाही, लेकाचेही नाही. मोजले असते तर 'आनुवंशिक' हा शब्द लिहिताना पेन अडले असते.

आता दुसरी बाजू. ती ऐकून न घेता भांडणे मला आवडत नाही. एकाच भट्टीवर दहा माणसे वीस वर्षे काम करतात. दोघांच्या धमन्या ताठरतात, एकाला हृदयविकार होतो, बाकीचे वरकरणी धडधाकट राहतात. असे का? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ काही मालकांचे पगारी नोकर नव्हेत. माणसामाणसांत फरक असतो, तो जन्मतःही असतो, हे मलाही दिसते. पस्तीस मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्याला ते कोणी सांगायला नको.

शिशाचे शरीरात काय होते ते थोडक्यात सांगतो. हा धातू मोठा लबाड आहे. तो कॅल्शियमचे सोंग घेतो आणि शरीर त्याला आपला समजून हाडांत जागा देते. रक्तातले शिसे महिना-सव्वा महिन्यात निम्म्यावर येते; हाडांतले मात्र दशकानुदशके ठाण मांडून राहते आणि थोडे थोडे पुन्हा रक्तात सुटते. नोकरी सुटली म्हणून शिसे सुटत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू कणाकणाने निघत असतो. वाहिनी सैल आणि लवचीक राहते ती त्याच्या जोरावर. शिसे त्याची नासाडी करते. मूत्रपिंडांना दुखापत करते. दाब वाढतो, वाहिन्यांच्या भिंती ताठर होतात, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने असा अंदाज केला की एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे ४,१२,००० मृत्यूंशी शिशाचा संबंध पोचतो, आणि त्यांतले २,५६,००० हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे. हे भट्टीवरच्या माणसांचे आकडे नाहीत. साध्या संसारी लोकांचे आहेत, ज्यांच्या अंगात शिसे थोडेसेच होते. २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांना हृदयविकाराची कारणे म्हणून उघडपणे पुढे आणले. आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तंबाखू, तूप आणि काळजी यांची चौकशी होते. शिशाची होत नाही.

आणि जनुके? नवव्या गुणसूत्रावर 'अलाड' नावाचे एक जनुक आहे. रक्ताचा लाल रंग घडवण्याच्या कामातले एक पाचकद्रव्य ते तयार करते, आणि शिसे नेमके त्यालाच जाऊन चिकटते. या जनुकाचे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकाराचे पाचकद्रव्य शिशाला अधिक घट्ट धरून ठेवते. युरोपातल्या लोकांत शंभरात वीसेक जणांकडे तो आढळतो, आशियाई लोकांत त्याहून कमी. अशा माणसाच्या रक्तात शिसे जास्त सापडते. म्हणजे हा माणूस दुबळा ठरला? थांबा! काही शास्त्रज्ञ म्हणतात की शिसे रक्तातच जखडून राहिले तर ते मेंदूत व हाडांत कमी शिरते, तेव्हा हा प्रकार तारकही असू शकेल. दुसरे म्हणतात, छे, तो मारकच आहे. ज्या जनुकाला शत्रू म्हणावे की मित्र, याचाच निकाल पंडितांत लागलेला नाही, त्याच्या जिवावर कोणाची भाकरी काढून घ्यायची? लोहाची वाहतूक सांभाळणारे दुसरे एक जनुक आहे. त्याचा एक प्रकार असणाऱ्या वृद्ध अमेरिकन पुरुषांच्या नाडीवर हाडांतल्या शिशाचा ताण अधिक दिसतो, असे २०१० साली एका पाहणीत आढळले. असेल. मी नाकारीत नाही. पण त्या पाहणीतसुद्धा शिसे नसते तर ताणाचा प्रश्नच उद्भवला नसता, एवढे कळायला गुणसूत्रे मोजावी लागत नाहीत.

छप्पर गळते आहे. खाली पाच जण झोपले आहेत. सकाळी त्यांतला एक शिंकतो. घरातला शहाणा माणूस छपरावर चढतो, की शिंकणाऱ्याच्या नाकाचा वंशवृक्ष काढीत बसतो?

या विचाराची मुळे जुनी आहेत, आणि नवल असे की ती एका भल्या माणसाच्या पुस्तकात सापडतात. जे. बी. एस. हाल्डेन हा केवढा माणूस! विषारी वायूंचे प्रयोग दुसऱ्यांवर न करता स्वतःच्या छातीवर केले, इंग्लंड सोडून १९५७ साली भारतात आला, येथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. कामगारांच्या बाजूचा, पक्का डावा. त्यानेच १९३८ च्या आपल्या 'हेरेडिटी अँड पॉलिटिक्स' या पुस्तकात मातीची भांडी घडवणाऱ्या कारखान्यांतल्या खोकल्याच्या विकाराबद्दल लिहिताना असे सुचवले की, हा विकार सर्वांना होत नाही, त्या अर्थी काहींची घडणच तशी असावी. ती घडण ओळखता आली तर तशांना या धंद्यात शिरण्यापूर्वीच दूर ठेवता येईल. हेतू निर्मळ होता. पण शास्त्रज्ञाचा हेतू आणि मालकाचा हिशेब एकाच पुस्तकातून निरनिराळी पाने वाचतात. हाल्डेनला वाचवायचा होता माणूस. मालकाला वाचवायचा असतो धूर ओढून नेणाऱ्या पंख्याचा खर्च.

त्याआधी २८ वर्षे, १९१० साली, अ‍ॅलिस हॅमिल्टन नावाची एक डॉक्टरीण इलिनॉय राज्यातले शिशाचे कारखाने पालथे घालीत हिंडत होती. मालक तिला सांगत, कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात. बाईने दाखवून दिले की शिसे जेवणातून जाते त्याहून अधिक श्वासातून जाते. हात किती धुतले तरी छाती कशी धुणार? म्हणजे तेव्हा दोष हातांचा होता, आज रक्ताचा आहे. भट्टी तेवढी शंभर वर्षे सोवळ्यात!

विज्ञानाच्या नावाने 'नाजूक' माणसे वेगळी काढली की काय होते, याचा एक दाखला घरातल्या बायकामाणसांनी मुद्दाम वाचावा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे शिशाचे रंग तयार करणारा एक विभाग होता. १९७८ साली तेथल्या बायकांना सांगण्यात आले की, शिशाने गर्भाला अपाय होतो, तेव्हा मूल होण्याजोग्या बायका या विभागात नकोत. पगार सोडवेना म्हणून पाच बायकांनी शस्त्रक्रिया करून स्वतःला वांझ करून घेतले. पुढे लवकरच तो विभागच बंद पडला. १९८२ साली जॉन्सन कंट्रोल्स या बॅटऱ्या करणाऱ्या कंपनीने असाच नियम केला : वांझपणाचा दाखला आणील तीच बाई कामावर. कामगार संघटना कोर्टात गेली आणि १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उडवून लावला. त्या खटल्यात हेही पुढे आले की शिसे पुरुषाच्या बीजालाही बाधते. पण पुरुषांकडे कोणी दाखला मागितला नव्हता. शिसे सर्वांना चावते. दाखला मात्र ज्याला हाकलणे सोपे, त्याच्याकडेच मागितला जातो.

आता थोडे गणित, मास्तरकी म्हणून. बेरिलियम नावाचा हलका धातू विमानांच्या व अणुभट्ट्यांच्या कामात लागतो. त्याच्या धुळीने फुप्फुसांचा एक चिवट रोग होतो. १९९३ साली असा शोध लागला की या रोगाच्या १०० रुग्णांपैकी ९७ जणांत एक विशिष्ट जनुकखूण सापडते. धातू आणि जनुक यांची इतकी घट्ट गाठ क्वचितच सापडते. मग लावा ही कसोटी फाटकाशी! पण त्याच संशोधनात त्याच धुळीत काम करूनही निरोगी राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांतही तीच खूण निघाली. समजा, कामाला शंभर जण आले आणि त्यांतल्या पाचांना पुढे रोग होणार आहे. खूण साधारण तिसाहून अधिक जणांच्या अंगी सापडणार. म्हणजे पाच वाचवण्यासाठी पंचवीसहून अधिक जणांच्या पोटावर पाय, आणि आत राहिलेल्यांना 'तुम्ही अभेद्य आहात' असा खोटा दिलासा. त्या दिलाशापायी धूळही तशीच. ही झाली सगळ्यांत पक्क्या खुणेची गोष्ट. शिसे आणि धमन्या यांच्या बाबतीत खुणा याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

मी उगाच बागुलबुवा उभा करतो आहे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीने मनगट दुखल्याची तक्रार करणाऱ्या कामगारांचे रक्त त्यांना न सांगता जनुकतपासणीला धाडले होते. २००१ साली बिंग फुटले आणि २००२ साली २२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावे लागले. त्यांच्या विमानदलाच्या अकादमीत सिकल पेशींचे नुसते लक्षण अंगी असणाऱ्यांना, रोगी नसले तरी, १९८१ पर्यंत दार बंद होते. अखेर २००८ साली त्या देशाने कायदा केला की मालकाने जनुकांच्या आधारे कोणाला नोकरी नाकारू नये, काढू नये.

आपल्याकडे असा कायदा नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली एका विम्याच्या प्रकरणात जन्मजात घडणीवरून भेदभाव करणे घटनेच्या समतेच्या कलमाविरुद्ध आहे असे म्हटले. त्या निकालाच्या व्याप्तीचा वाद वरच्या न्यायालयात गेला. पण कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला तो निकाल कोण वाचून दाखवणार? १ जुलै २०२३ पासून सिकल सेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे द्यायची, असा संकल्प आहे. आपल्या नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी घरांत ही कार्डे जातात. काम चांगले आहे. उपचारासाठी, लग्न जुळवण्याआधी ती उपयोगी पडतील. मला धास्ती आहे ती वेगळीच. जे कार्ड दवाखान्यासाठी दिले ते उद्या मुकादमाने मागितले तर ते न दाखवण्याचा हक्क कोणत्या कलमात लिहिला आहे?

आपल्या देशात तर या विचाराला जमीन आधीच नांगरून ठेवलेली आहे. कोणी कोणते काम करावे हे जन्माने ठरते, आणि त्या कामात जो भोगतो तो पूर्वजन्मीचे भोगतो, असे आपण हजार-दोन हजार वर्षे सांगत आलो. कातडे कमावणाऱ्याचे हात, तांबे ठोकणाऱ्याचे कान, मोरीत उतरणाऱ्याची छाती : सगळ्यांचा हिशेब कर्मविपाकाच्या वहीत. आता ती वही जुनी झाली. नव्या वहीवर 'जनुके' असे छापले आहे. आत मांडणी तीच. खर्च भोगणाऱ्याच्या नावे, जमा दुसऱ्याच्या.

रक्त तपासूच नये असे माझे म्हणणे नाही. तपासा, अवश्य तपासा! पण आधी शिसे तपासा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात शिशाची विषबाधा ही सरकारला कळवण्याच्या रोगांत होती. २०२० च्या नव्या संहितेच्या यादीतही ती आहे. कळवायचे तर आधी मोजायला हवे. हवेतल्या शिशाची गोष्टही तशीच. १९८७ साली आपल्या कायद्याने घनमीटर हवेला ०.१५ मिलिग्रॅम अशी मर्यादा नेमली. अमेरिकेने त्याच्या ९ वर्षे आधी, १९७८ साली, ०.०५ नेमली होती. आणि कॅलिफोर्निया राज्याने जानेवारी २०२५ पासून ०.०१ वर आणली. पंधरापट शिसे सोसणारी धमनी मराठी माणसाला कोणत्या जनुकाने दिली आहे, हे मला त्या कागदावर 'आनुवंशिक' लिहिणाऱ्या डॉक्टरांना एकदा विचारायचे आहे.

अमेरिकेच्या त्या १९७८ च्या नियमात आणखी एक गोष्ट होती, ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. रक्तातले शिसे ठरावीक पातळीच्या वर गेले तर कामगाराला भट्टीवरून हलवायचे, पण त्याचा पगार आणि हुद्दा शाबूत ठेवून. म्हणजे तपासणीला भिऊन कोणी रक्त लपवीत नाही. आमच्याकडे ज्याचे रक्त बिघडलेले निघते त्याची भाकरी जाते, मग तो डोकेदुखीची गोळी खिशात ठेवून पाळीवर जातो आणि डॉक्टरांना सांगतो, "काही नाही साहेब, बरा आहे."

उपचार निघेल, मग कशाला भिता, असे म्हणणाऱ्यांसाठीही एक बातमी आहे. शिरेतून औषध देऊन शिसे बाहेर काढण्याचा प्रयोग हृदयविकार झालेल्या मधुमेही रुग्णांवर झाला. पहिल्या प्रयोगाने २०१३ साली आशा लावली होती. दुसऱ्याचा निकाल २०२४ साली आला : रक्तातले शिसे ६१ टक्क्यांनी उतरले, पण पुढचे झटके काही टळले नाहीत. धमनीने एकदा भोगले ते भोगले.

आणि सगळ्यांत आनुवंशिक गोष्ट तर कोणाच्या कागदावर येतच नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याची बायको रोज त्याचे कामाचे कपडे घरच्या मोरीत धूत असे. मूल तेथेच पाण्यात खेळे. कपड्यांतली राखाडी भुकटी घरभर जाई. बाईच्या हाडांत साठलेले शिसे पुढच्या बाळंतपणात सुटते आणि वारेतून गर्भात उतरते. बापाने लेकाला दिले, लेकाचे घरात आले, आईने पोटातल्या जिवाला दिले. गुणसूत्राला हातही न लावता तीन पिढ्यांचा वारसा पुरा. बालकाच्या किंवा मोठ्याच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले की ते कोठून येते ते शोधा आणि थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगून ठेवले आहे. कोठून येते, असे तिने विचारले. कोणाच्या वंशात येते, असे नव्हे.

त्या मुलाच्या रक्तातले शिसे आम्ही शेवटी वर्गणी काढून खाजगी ठिकाणी तपासून घेतले. आकडा आला तो पाचाच्या कितीतरी पट होता. तो घेऊन कारखान्यात गेलो तेव्हा फाटकावरच्या माणसाने आम्हांला बसायला बाक दिले, पाणी दिले, आणि साहेब बाहेरगावी आहेत असे सांगितले. साहेबांची मोटार आत उभी होती. अर्ज आवक वहीत नोंदवून घेतला आहे. नोंदीचा क्रमांक माझ्याजवळ आहे. अर्जात तीनच मागण्या आहेत : भट्टीवरच्या प्रत्येकाचे शिसे दर सहा महिन्यांनी मोजावे आणि आकडा त्याच्या हातात द्यावा, हवेतले शिसे मोजून ते फाटकावर मराठीत लिहावे, कामाचे कपडे कारखान्यातच धुवावेत. जनुकांविषयी त्यात एक अक्षर नाही. उत्तराची मुदत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संपते. त्यानंतर तोच अर्ज कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत द्यायचा, असे वर्गात ठरले आहे, आणि त्याच्या नकला मुलांनी सुट्टी लागण्यापूर्वीच आपल्या अक्षरात काढून ठेवल्या आहेत.